जेडचं पार जंगल झालंय, बोन्साय करायचंय (आणि एक फांदी आधीच मोडून बसलेय)

अबोली:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि तेही रडगाणं घेऊन. तीन वर्षांपूर्वी सिंहगड रोडवरच्या एका नर्सरीतून जेड (ते गुबगुबीत पानांचं झाड) आणलं होतं, दीडशे रुपयांना, काळ्या पिशवीत वीतभर रोप. आता दोन फूट झालंय आणि आंघोळ करून केस न विंचरता पळालेल्या पोरासारखं दिसतंय. पुण्यात राहते, चौथा मजला, पूर्वेची गॅलरी, ऊन सकाळी दहा साडेदहापर्यंत येतं मग गेलं ते गेलं.

बुंधा माझ्या अंगठ्याएवढा जाड आहे. मातीपासून चार बोटांवर दोन फांद्या फुटतात, डावी सरळ वर गेलीय खांबासारखी आणि उजवी कुंडीबाहेर लोंबते. बाकी मग बारीकसारीक फुटवे कुठूनही कुठेही. मला ते जपानी वळणावळणाचं नकोय, आमच्या गावात पारावर वड आहे ना, खाली आडवा पसरलेला, तसं काहीतरी डोक्यात आहे.

तर गेल्या रविवारी चार व्हिडिओ बघितले आणि शहाणपणा केला. नवऱ्याने जुन्या वायरीतली तांब्याची तार सोलून दिली. आदल्या दिवशी मी झाडाला मस्त पाणी घातलेलं, म्हटलं पाणी पिऊन फांदी मऊ होईल. डावी फांदी गुंडाळली, हळूहळू वाकवली, अगदी हळू हं, आणि काकडी मोडावी तशी कट्ट करून हातात आली. वरचा एक फूट गेला. तो सध्या पाण्याच्या ग्लासात किचनच्या ओट्यावर उभा आहे आणि सासूबाई येता जाता त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघतात.

आता प्रश्न. उरलेलं कुठून कापू? मी बोन्सायचा ट्रे पण आणून ठेवलाय, निळा, बारा इंची, बोटभर खोल, मधोमध एक भोक, त्यात आत्ताच लावू का? पाऊस तीन आठवड्यांवर आलाय, थांबू का? आणि मोडलेल्या जागी हळद लावलीय, बरोबर केलं ना?

खुरपं:
अबोलीताई, आधी ती काडी ग्लासातून बाहेर काढा, बाकीचं नंतर वाचा. जेडच्या काडीला पाणी नको असतं. सावलीत कागदावर चार-पाच दिवस आडवी टाकून ठेवा, कापलेलं तोंड सुकून कडक झालं की मग जवळजवळ कोरड्या वाळूमातीत खोचा आणि आठवडाभर विसरा. एक फुटाच्या तीन काड्या करा, तीन झाडं होतील, म्हणजे नुकसान वगैरे काही झालेलं नाही.

फांदी का मोडली ते तुम्हीच लिहिलंय. पाणी पिऊन ती मऊ नाही होत, टम्म होते. भाजीवालीकडची ताजी गवार मोडते आणि फ्रीजमध्ये चार दिवस राहिलेली नुसती वाकते, तोच प्रकार. जेडला तार लावायची असेल तर आधी आठेक दिवस पाणी बंद, पानं हाताला जरा लिबलिबीत लागायला लागली, बारीक सुरकुत्या दिसल्या की मग तार. आणि तांब्याची नको, ती वळवताना कडक होत जाते आणि तुमचा हात जोर लावतो. ॲल्युमिनियमची घ्या, फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. पंचेचाळीस अंशात तिरकी गुंडाळायची, स्प्रिंगसारखी चिकटून नाही. पण तुम्हाला जो वड हवाय त्याला खरंतर तारेची गरज फारशी नाहीच, ते कात्रीचं काम आहे.

कात्रीचं सांगतो, जरा लांबेल. जेडची पानं जोडीजोडीने येतात हे बघितलं असेल. आता वरून खाली बघा, एक जोडी डावी-उजवी असेल तर पुढची जोडी पुढे-मागे, मग परत डावी-उजवी. बेरजेच्या चिन्हासारखं. ज्या जोडीच्या वर तुम्ही कापाल त्या जोडीच्या बगलेतून दोन फुटवे येणार, त्या जोडीच्याच दिशेने. म्हणजे झाड पुढे कुठे जाणार हे तुम्ही कापतानाच ठरवताय. आडवं पसरायला हवंय ना, मग आडव्या फांदीवर डावी-उजवी जोडी शोधायची आणि तिच्या वर कापायचं. चुकून वर-खाली जोडीवर कापलंत तर एक फुटवा आभाळात जाईल आणि एक जमिनीकडे, मग तो खालचा नखाने खुडून टाका, काही बिघडत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की जेडसारखं सरळ झाड नाही. मी पंधरा वर्षं करतोय आणि वड, पिंपळ, चिंच सगळ्यांनी मला कधी ना कधी रडवलंय, जेडनं नाही.

अजून एक. कापताना जोडीला अगदी चिकटून कापू नका, वर अर्धा सेंटिमीटर ठूठ ठेवा. जेडची फांदी कापल्या जागेपासून खालच्या पेरापर्यंत वाळत येते, चिकटून कापलंत तर ते वाळणं त्या पेराला पण गिळतं आणि फुटवा येतच नाही. ठूठ ठेवलं की ते महिनाभरात वाळून काटकीसारखं होतं, बोटाने ढकललं तरी पडतं, आणि खाली जखम आपोआप बंद झालेली असते. हळद लावली तर लावली, त्याने काही वाईट होत नाही, चांगलंही होत नाही.

ट्रे कपाटात ठेवा. दोन वर्षं काढू नका.

अबोली:
दोन वर्षं!! ट्रे आठशेचा आहे हो काका.

खुरपं:
मग त्यात लिंबं ठेवा. बुंधा अंगठ्याएवढा आहे म्हणताय, वड म्हणून दाखवायला निदान मनगटाएवढा नको का. ट्रेमध्ये गेलं की जाड होणं जवळपास थांबतं, मुळांना जागाच नाही. जाड करायचं तर मोठी पसरट कुंडी, आणि एक फांदी मोकाट सोडायची, तिला कात्री लावायचीच नाही, ती लांब वाढेल, भरपूर पानं करेल आणि तिच्या खालचा बुंधा फुगवेल. काम झालं की तिला कापून टाकायचं. तुमची ती उजवी लोंबती फांदी यासाठी आयती आहे. छाटल्याने झाड दाट होतं, जाड होत नाही, लोक इथेच घोटाळा करतात आणि मग काडीला झुपका असं बोन्साय घेऊन फिरतात.

पागोळी:
खुरपंदादा सगळं बरोबर पण मी रत्नागिरीची, मला पावसाचं बोलू दे. ताई, छाटणी आत्ता करा बिनधास्त, उन्हाळ्यात जखम पटकन सुकते. पण मुळांना हात आत्ता लावू नका. माझं नऊ वर्षांचं जेड होतं, आईने लावलेलं, बुंधा हाताच्या मुठीएवढा. मी हौसेने मेच्या शेवटी मुळं कापून उथळ कुंडीत बसवलं आणि सात जूनला पाऊस लागला तो थांबेचना. वळचणीखाली ठेवलेलं तरी हवेतच इतकी ओल की माती सुकतच नव्हती. पानं पिवळी होऊन पडायला लागली, मला वाटलं रुजतंय, चालायचंच. पंधरा दिवसांनी बुंध्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. पिकलेल्या पपईसारखं. वास पण तसाच आंबूस. वरच्या चार काड्या तेवढ्या घट्ट होत्या त्या वाचवल्या, आज जे आहे ते त्यातलंच एक.

कोकणात मी आता कुंडी बदलणं ऑक्टोबर उलटल्यावर नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्येच करते. पुण्यात पाऊस आमच्याएवढा नाही पण गॅलरीत तिरपा येत असेल तर काय. आणि मुळं कापल्यावर लगेच पाणी घालायचं नाही हे कुणी सांगत नाही, बाकी सगळ्या झाडांना आपण घालतो ना, तीच सवय. जेडला आठवडाभर कोरडं ठेवायचं, तुटलेली मुळं आधी सुकू द्यायची.

मातीचं काय आहे? नर्सरीची लाल माती असेल तर तीच खरी वैरी. वर दगड आणि आत चिखल.

अबोली:
लालच आहे. वरून घातलेलं पाणी बाजूने सरळ खाली जातं आणि ताटली भरते, मधे मुरतच नाही. मग काय वापरू? सगळे व्हिडिओवाले अकादामा (जपानी दाणेदार माती) आणि प्युमिस (ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड) म्हणतात, ऑनलाइन किंमत बघून मी फोन खाली ठेवला.

पागोळी:
विटा! एखादं बांधकाम चालू असेल तिथून तुटक्या विटा आणा, हातोडीने फोडा आणि चाळा. हरभऱ्याएवढे तुकडे ठेवायचे, खालचा भुगा टाकून द्यायचा, तो ठेवलात तर परत चिखल. दोन भाग विटा, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग चांगलं मुरलेलं शेणखत नाहीतर गांडूळखत. बस. मी गोणपाटात घालून विटा फोडते, नाहीतर तुकडे शेजारच्यांच्या गॅलरीत जातात आणि मग वेगळाच धागा काढावा लागतो इथे.

संत्रानगरी:
नागपूरहून. माझं मत थोडं वेगळं आहे, एकदम सगळं कापू नका. खुरपंकाका अनुभवी आहेत पण त्यांचं झाड गच्चीवर दिवसभर उन्हात असेल. ताईंचं दहा वाजेपर्यंतच्या उन्हातलं आहे. कमी उन्हातलं जेड एका झटक्यात बोडकं केलं की फुटवे येतात पण लांबुडके येतात, दोन जोड्यांमधे बोटभर अंतर, आणि मग वड कसला, वेल दिसते. आधी ऊन वाढवा. पण तेही एकदम नाही, आठवड्याला तास-दीड तास. मी सावलीतलं झाड एप्रिलमध्ये सरळ गच्चीवर नेऊन ठेवलं होतं, तिसऱ्या दिवशी पानांवर तपकिरी डाग, पापड भाजल्यासारखे. आमच्याकडे मेमध्ये पंचेचाळीस जातं, तेव्हा जेड काही वाढत बिढत नाही, जीव मुठीत धरून बसतं आणि मी पण. हिरव्या जाळीखाली ठेवतो दोघांना म्हणणार होतो पण राहू दे.

पुण्याच्या उन्हात पानांच्या कडा लालसर झाल्या तर घाबरू नका, ती उन्हाची लाली आहे, रोग नाही.

खुरपं:
संत्रानगरी, मुद्दा मान्य. ऊन आधी. पण डावी फांदी तशीही मोडलीच आहे, ती जागा नीट कापून घ्यावीच लागेल, फाटलेली ठेवून चालणार नाही.

हिरवा_निषेध:
मला एक कळत नाही, झाडाला सरळ वाढायचंय तर वाढू द्या ना. तारा बांधायच्या, मुळं कापायची, उथळ ताटलीत कोंबायचं आणि वर कौतुक करायचं. चिनी बायकांचे पाय बांधायचे तसला प्रकार वाटतो मला. कुणाला राग आला तर येऊ दे.

खुरपं:
राग नाही आला, दर सहा महिन्यांनी हा प्रश्न येतोच, तुमची पाळी होती. वडाच्या बाबतीत तुमच्याशी अर्धा सहमत होईन सुद्धा. पण जेडचं मूळ गाव माहितीय का? दक्षिण आफ्रिका, त्यातही पूर्व केपचा कोरडा काटेरी मुलूख. तिथे याला स्पेकबूम म्हणतात, स्पेक म्हणजे डुकराची चरबी आणि बूम म्हणजे झाड, पानं तशी गुबगुबीत म्हणून. तिथल्या ॲडो राष्ट्रीय उद्यानातल्या हत्तींचं हे रोजचं जेवण आहे. हत्ती वरून ओरबाडतो, फांद्या मोडून टाकतो, आणि झाडाला त्याचं काही नाही, खालच्या लोंबत्या फांद्या जमिनीला टेकल्या की तिथेच मुळं धरतात, पडलेल्या फांद्याही रुजतात. हत्तीने खाल्लं की झाड पसरतं. शेळ्या मात्र खालून खातात, ती टेकलेली झालरच संपवतात, आणि तिथे मैलोन्‌मैल स्पेकबूम असं शेळ्यांनीच साफ केलंय. आपल्याकडे पण म्हणतात ना शेळीचं तोंड लागलं की झाड वर येत नाही. तर अबोलीताईंना मी एवढंच म्हणेन, हत्तीसारखं छाटा, शेळीसारखं नको. वरून आणि मोठं, खालची झालर राखून.

हिरवा_निषेध:
हत्तीचं माहीत नव्हतं. तार मला तरीही पटत नाही.

खुरपं:
चालेल की. मी स्वतः जेडला तारेपेक्षा सुतळी जास्त वापरतो. फांदीला जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा, त्यावर सुतळी, आणि खाली ओढून कुंडीच्या काठाला बांधायची, दर आठवड्याला थोडी ताणायची. तार चार-सहा आठवड्यांत सालीत रुतते, लक्ष राहिलं नाही तर स्प्रिंगचा छाप वर्षानुवर्षं दिसतो. सुतळीचं तसं नाही. शिवाय जेडच्या फांद्या लांब झाल्या की स्वतःच्या वजनाने झुकतातच, पाण्याने भरलेल्या असतात ना, निम्मं काम तेच करतं.

अबोली:
बरं, अपडेट. काल संध्याकाळी हत्ती झाले.

डावी फांदी मोडल्या जागेच्या खाली डावी-उजवी जोडी शोधायला गेले तर तिथे पानंच नव्हती, नुसतं तपकिरी खोड. पण नीट बघितलं तर खोडावर गोल गोल रेघा होत्या, बांगडीचा वळ उठावा तशा, तीच जुनी पेरं असणार असं धरून एका रेघेच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून कापलं. कात्री स्पिरिटने पुसून. आत हिरवंगार आणि ओलं होतं, पाणी अक्षरशः ओघळलं. बरोबर केलं ना? वरून आडवी जाणारी तीन बारकी पोरं ठेवली, सरळ वर जाणारी पाच काढली. उजवीला हात नाही लावला, ती बुंधा फुगवायच्या कामावर. कुंडी बदलली नाही. ट्रेमध्ये लिंबं ठेवलीत, खरंच.

आता दुसरीच भानगड. छाटलेल्या फांद्या ओट्यावर होत्या, सासूबाईंनी एक पान तोडून चावलं. म्हणाल्या चुक्यासारखं लागतंय, चटणीत बरं लागेल. मी घाबरून गूगल केलं तर जेड विषारी म्हणून आलं. त्या ठणठणीत आहेत, आत्ता सिरियल बघतायत. पण काळजी करू का?

पानफुटी:
मी वनस्पतीशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे, त्यामुळे राहवत नाही. अबोली, जेड नावाने आपल्याकडे दोन अगदी वेगळी झाडं विकतात. एक क्रॅसुला, त्याचं पान मोठं, जाड, अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठंच, आणि खोड बराच काळ हिरवट जाडजूड राहतं. ते खायचं नाही, कुत्र्या-मांजरांना तर त्याचा त्रास होतो. दुसरं पोर्तुलाकारिया, तेच हे स्पेकबूम, पान नखाएवढं, कोवळं खोड लालसर तपकिरी. हे तिकडची माणसं सॅलडमध्ये खातात. पोर्तुलाकारिया या नावाचा अर्थच घोळासारखं असा आहे, आपली घोळाची भाजी म्हणजे पोर्तुलाका. पूर्वी घोळ आणि स्पेकबूम एकाच कुळात धरायचे, आता स्पेकबूमचं कूळ वेगळं केलंय. तुझं वर्णन बघता तुझं दुसरं दिसतंय, पण पान मोजून बघ, आणि नर्सरीत काय फवारलंय देव जाणे, तुझ्याकडे तीन वर्षं आहे म्हणून ठीक.

आणि एक गंमत कर. एक पान सकाळी उठल्या उठल्या चाख, एक दुपारी चारला. सकाळचं जास्त आंबट लागेल. हे झाड दिवसा उन्हात पाणी जाऊ नये म्हणून पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री उघडून कार्बन डायॉक्साइड आत घेतं, तो आम्लाच्या रूपात साठवतं, मग दिवसभर तेच आम्ल वापरून अन्न करतं. म्हणून पहाटे पान आंबट, संध्याकाळपर्यंत फिकं. म्हणूनच ते तुझ्या गॅलरीत पाणी विसरलीस तरी मरत नाही आणि रोज घातलंस तर मरतं. पावसाळ्यात ढग असले की पाणी अजून कमी कर. पान दाबून बघायचं, टणक असेल तर पाणी नाही.

आणि हो, खोडावरच्या रेघा म्हणजे पेरंच, बरोबर ओळखलंस. तिथे डोळे झोपलेले असतात.

अबोली:
पान मोजलं, दीड सेंटिमीटर, स्पेकबूमच आहे. सासूबाईंना सांगितलं सकाळचं जास्त आंबट असतं तर म्हणाल्या मग चटणी सकाळीच करायची, त्यात काय विशेष. पानफुटीताई, तुमचा सगळा धडा त्यांनी एका वाक्यात संपवला.

खुरपं:
त्यांना सांगा पानं सरळ वर जाणाऱ्या फुटव्यांची तोडा. फुकटचा माळी मिळाला तुम्हाला.

अबोली:
जवळजवळ दीड महिना झाला, धागा वर काढतेय.

आधी वाईट बातमी. बगलांमध्ये कापसासारखं पांढरं दिसायला लागलं, आणि मुंग्यांची रांग. मला वाटलं बुरशी, पण ते पिठ्या ढेकूण निघाले. कोरोनाच्या वेळचं सॅनिटायझर पडून होतं, इअरबडला लावून एकेक टिपून काढले, तीन संध्याकाळी. आता दिसत नाहीत, पण मुंग्या अजून एखादी दुसरी फिरते म्हणजे कुठेतरी आहेतच.

चांगली बातमी. बोडक्या ठुठाच्या खालच्या रेघेवर आधी दोन लाल ठिपके आले, टाचणीच्या डोक्याएवढे, मी मुरूम समजत होते झाडाचा. चौथ्या दिवशी त्याला दोन पानं, तांदळाच्या दाण्याएवढी. मग त्याच्याही खालच्या रेघेवर. आज मोजले तर नऊ फुटवे आहेत, त्यातले बरोब्बर दोन डावे-उजवे आहेत, तुम्ही म्हणालात तसे. ठूठ वाळलंय पण पडत नाही अजून, ढकलून बघितलं. तीन काड्यांपैकी दोन रुजल्या, तिसरी मी रोज उपटून मुळं आली का बघत होते ती मेली. फोटो टाकतेय.

संत्रानगरी:
मस्तच. नऊ सगळे ठेवू नका, तीन-चार राखा, बाकी आत्ताच खुडा, नाहीतर त्या जागी गाठ होते. आणि राखलेल्यांना आता कात्री लावू नका, सहा-आठ जोड्या होऊ द्या मग दोनवर आणा.

पागोळी:
गॅलरीत पाऊस येतोय का? माती चांगली काळी दिसतेय फोटोत. कुंडी आत घ्या बघू आधी.

खुरपं:
पानं तजेलदार आहेत, काळजी नाही, पण पागोळी म्हणतायत ते करा. ऑक्टोबरनंतर विटांमध्ये हलवू. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन या, तिथे बोन्साय मांडलेली असतात, जेड असेल तर वाकून बुंधा बघा, पानं नाही. एक विचारतो, फोटो तिरका काढलाय का झाड तिरकं झालंय?

अबोली:
झाड तिरकं झालंय. उजवी फांदी आता इतकी जड झालीय की कुंडीच कलते, खाली विटेचा तुकडा सरकवलाय.